शिकागोचा हिवाळा आणि बॅटरीवरचा खोटा आळ

१/२५
जानेवारी २०२४. शिकागोत पारा शून्याखाली २० अंशांच्या आसपास उतरला होता. चार्जिंग केंद्रांसमोर विजेवरील मोटारींच्या रांगा लागल्या, काही मोटारी तिथेच निपचित पडल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. निष्कर्ष तयारच होता: बॅटरीचे आणि थंडीचे कधीच जमले नाही, जिथे मोटार चालत नाही तिथे मालाने लादलेला ट्रक काय चालणार? इतिहासाच्या कसोटीवर हा निष्कर्ष टिकत नाही. #थ्रेड

२/२५
कारण याच शिकागोत शंभर वर्षांपूर्वी विजेवरील ट्रक हिवाळ्यामागून हिवाळे धावत होते. वॉकर व्हेइकल कंपनी ते शिकागोतच बांधत असे आणि १९४०च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिचे काम चालू होते. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा तेव्हाही असाच हाडे गोठवीत असे. बॅटऱ्या मात्र आजच्या तुलनेत फारच दुबळ्या होत्या. दुबळ्या बॅटरीला जे साधले, ते सबळ बॅटरीला का साधू नये?

३/२५
आधी काळाची चौकट. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेवरील वाहन हे तेव्हा कुणाचे स्वप्न नव्हते, रस्त्यावरचे नित्याचे दृश्य होते. पुढे प्रवासी मोटारींत पेट्रोलने बाजी मारली. पण शहरांतर्गत मालवाहतुकीत विजेच्या ट्रकांनी कितीतरी अधिक काळ तग धरला.

४/२५
हे ट्रक संथ होते. ताशी १५–२० किलोमीटर वेग आणि एका चार्जिंगवर साधारण ६०–७० किलोमीटरचा पल्ला. परंतु ते घोडागाडीची जागा घेण्यासाठी आले होते आणि दारोदार थांबत माल पोहोचविणाऱ्याला याहून अधिक वेग लागतच नव्हता. मोठी दुकाने, मद्यनिर्मितीचे कारखाने, पार्सल कंपन्या हे त्यांचे मुख्य ग्राहक. बर्फाळ फरसबंदीवर घोडे घसरत, पाय मोडून घेत. ट्रकाला ते भय नव्हते.

५/२५
हिवाळ्यात पेट्रोल ट्रकची सकाळ कशी उजाडत असे, हेही ध्यानात घ्यावे. थंडीने वंगणाचे तेल घट्ट झालेले. समोर उभे राहून लोखंडी हँडल मारायचे. इंजिन उलटे फिरले तर मनगट मोडण्याची धास्ती. रेडिएटरमधील पाणी गोठून तो फुटू नये म्हणून ते रात्री काढून टाकायचे, नाहीतर त्यात मद्यार्क मिसळायचा. विजेच्या ट्रकचा चालक आसनावर बसे, खटका सरकवे आणि निघे.

६/२५
म्हणून त्या काळच्या बॅटऱ्या थंडीला पुरून उरत होत्या काय? मुळीच नाही. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता थंडीत घटते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रावण शून्याखाली ५० अंशांनंतरही द्रव राहते. रिकाम्या बॅटरीतील द्रावण मात्र पाण्यासारखे पातळ झाल्यामुळे शून्याच्या थोडेसेच खाली गोठते. एडिसनची निकेल-लोह बॅटरी टिकाऊपणात नावाजलेली होती, पण थंडीत तिची तर अधिकच दैना होई.

७/२५
हा दोष ट्रकमालकांना ठाऊक होता आणि त्यांनी त्यावर व्यवस्था उभी केली होती. ट्रक ठरलेल्या फेऱ्या करून संध्याकाळी गॅरेजमध्ये परतत. रात्रभर छपराखाली, जाणकार कामगारांच्या देखरेखीत बॅटऱ्या भरल्या जात. चार्जिंग होताना बॅटरी स्वतःच थोडी तापते. सकाळी बाहेर पडणारा ट्रक त्यामुळे भरलेला असे आणि उबदारही. हिवाळ्याचे उत्तर बॅटरीच्या पेटीत नव्हते. ते गॅरेजात होते.

८/२५
याहून पुढची पायरी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे गाठली गेली. न्यू इंग्लंडचा हा प्रदेश हिमवर्षावाचा. तेथील हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१०च्या सुमारास एक योजना आखली. ग्राहकाने जनरल व्हेइकल कंपनीचा ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा. बॅटरी वीज कंपनीची. ती उतरली की केंद्रावर जाऊन भरलेली बसवून घ्यायची. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेतून ट्रकांनी ६० लाख मैलांहून अधिक अंतर कापले.

९/२५
या योजनेतील पैशाचे गणित पाहण्यासारखे आहे. ग्राहक मासिक शुल्क देई आणि त्यावर दर मैलामागे आकार. म्हणजे थंडीने बॅटरी लवकर उतरली तर मैल तेवढेच, आकारही तेवढाच. वाढीव विजेचा आणि बॅटरीच्या झिजेचा भार वीज कंपनीच्या माथी. जिच्याजवळ ज्ञान, यंत्रसामग्री आणि भांडवल होते, तिनेच थंडीची जोखीम उचलली. चालकाने फक्त ट्रक चालवायचा.

१०/२५
मग विजेचे ट्रक मागे का पडले? डेव्हिड कर्श आणि हाइस मोम या इतिहासकारांनी या प्रश्नाचा सविस्तर धांडोळा घेतला आहे. शहराबाहेर पक्के रस्ते झाले, लांब पल्ल्याची गरज वाढली, पेट्रोल मुबलक झाले, पहिल्या महायुद्धाने पेट्रोल ट्रकांच्या उत्पादनाला प्रचंड चालना दिली, आणि गावोगावी चार्जिंगचे जाळे मात्र विणले गेले नाही. कारणांची ही यादी लांब आहे. थंडीला त्यात मानाचे स्थान देता येत नाही.

११/२५
आणखी एक कारण विसरता कामा नये. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याची पीडा टळू लागली. पेट्रोल इंजिनाला हिवाळ्यातील सकाळी जाग आणण्याचे काम तेव्हापासून कोण करते? बॅटरी! जिला थंडीत निकामी ठरवले जाते, तिच्याच खांद्यावर बसून पेट्रोलने शर्यत जिंकली.

१२/२५
आता पेट्रोल-डिझेलचा हिवाळी इतिहास तपासू. ऑक्टोबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने पेट्रोलवर चालणाऱ्या दोन यांत्रिक घसरगाड्या पुढे पाठविल्या. इंजिने अति तापली, भाग तुटले आणि ८० किलोमीटरच्या आसपास दोन्ही गाड्या बर्फातच सोडून द्याव्या लागल्या. सोबतच्या माणसांनी पुढचे ओझे अंगाला पट्टे बांधून ओढले. म्हणून पेट्रोल थंडीसाठी नालायक, असा निकाल जगाने दिला नाही.

१३/२५
डिसेंबर १९४१, मॉस्कोचा परिसर. जर्मन सैन्याची वाहने थंडीने खिळली. वंगण गोठले, इंजिने फिरेनात. रणगाड्यांखाली आणि ट्रकांखाली जाळ पेटवून त्यांना ऊब द्यावी लागली. युरोपातील सर्वांत आधुनिक मानल्या गेलेल्या सैन्याची ही स्थिती होती. यंत्रे तीच होती जी उन्हाळ्यात झपाट्याने पुढे सरकली होती. हिवाळ्याची तयारी मात्र त्यांच्याबरोबर आली नव्हती.

१४/२५
ती तयारी हळूहळू, दशकानुदशके घडत गेली. १९२७ मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ हे ग्लायकॉलवर आधारित गोठणरोधक बाजारात आले. १९४९ मध्ये नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिन तापविणाऱ्या विद्युत हीटरचे पेटंट मिळाले. कॅनडाच्या अतिथंड प्रांतांत आजही वाहनतळांवर विजेचे खांब दिसतात. रात्री पेट्रोलची मोटार त्यांना जोडून ठेवतात. ‘प्लग लावावा लागतो’ म्हणून विजेच्या ट्रकला हसणाऱ्यांनी हे खांब एकदा पाहावेत.

१५/२५
डिझेलचे दुखणे आणखी वेगळे. त्यात मेणासारखे घटक असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे स्फटिक होऊन फिल्टर तुंबतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटलीतले खोबरेल तेल गोठते, तसाच हा प्रकार. लडाखमध्ये टाकीखाली आच देऊन डिझेल पातळ करण्याची वेळ चालकांवर येत असे. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले.

१६/२५
म्हणजे डिझेल गोठले की ‘हिवाळी डिझेल हवे’ म्हणायचे आणि बॅटरी थंडावली की ‘बॅटरीच नको’ म्हणायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! एका यंत्राला सुधारण्यासाठी शंभर वर्षे दिली गेली, तेल बदलले, इंधन बदलले, वाहनतळ बदलले. दुसऱ्याला मात्र एका आठवड्याच्या छायाचित्रांवरून फाशी सुनावली जाते. या दुटप्पीपणाला तंत्रज्ञानाची चिकित्सा म्हणता येत नाही.

१७/२५
परंतु खोटेपणा एकाच बाजूला नाही. विजेच्या वाहनांचे भाट ‘थंडीत काही फरक पडत नाही’ असे सांगतात, तेही असत्यच. युरोपातील प्रमाणित चाचणीत छापील पल्ला २३ अंश तापमानाला मोजतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच मोटारी शून्याखाली ७ अंशांत तपासल्या: हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला, चालू असताना ४१ टक्क्यांनी. जाहिरातीतील आकडा हिवाळ्याचा नसतो.

१८/२५
असे का होते? थंडीत लिथियम बॅटरीतील रासायनिक हालचाल मंदावते. गोठणबिंदूखाली वेगाने चार्ज केल्यास धातुरूप लिथियम साचून बॅटरीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून यंत्रणा चार्जिंगचा वेग आपणहून रोखते. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. डिझेल इंजिन इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते आणि हिवाळ्यात तीच फुकटची ऊब केबिनमध्ये येते. काटकसरी विद्युत मोटारीजवळ अशी उधळायला उष्णताच नसते.

१९/२५
ट्रकच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. अवजड ट्रकला ओझे ओढण्यासाठीच इतकी ऊर्जा लागते की केबिनच्या हीटरचा वाटा मोटारीपेक्षा लहान ठरतो. मात्र जड हवा, बर्फाचा अडथळा आणि थंड टायर आपला कर वसूल करतातच. शिवाय बॅटरी गार असताना ब्रेक लावून वीज परत मिळविण्याची क्रिया मंद होते. पेडल सोडल्यावर ट्रक नेहमीसारखा आवरत नाही. निसरड्या उतारावर चालकाला हे आधीच ठाऊक असावे लागते.

२०/२५
‘बर्फात अडकलात तर गारठून मराल’ हा भीतीचा पुढचा सूर. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियातील आय-९५ महामार्ग हिमवादळाने ठप्प झाला. शेकडो वाहने अडकली. सिनेटर टिम केन यांनी त्यात २७ तास काढले. ‘ही सारी वाहने विजेची असती तर?’ असा प्रश्न तत्काळ विचारला गेला. गंमत अशी, की प्रश्न विचारणाऱ्यांनी साधा गुणाकार-भागाकारही केला नव्हता.

२१/२५
तो करून पाहू. १०० युनिटांची बॅटरी निम्मी भरलेली आहे असे धरा. केबिन उबदार ठेवायला तासाला सुमारे २ युनिटे लागली, तर ५० युनिटे २५ तास पुरतात. उभ्या ट्रकची विद्युत मोटार काहीच खात नाही. डिझेल इंजिनाला उबेसाठी अखंड घरघरत राहावे लागते. आणि बर्फाने धूरनळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका वेगळाच. बॅटरी जवळजवळ रिकामी असेल तर मात्र संकट खरे आहे. पण रिकाम्या टाकीचेही तसेच असते.

२२/२५
व्यवस्था असली की काय घडते ते नॉर्वेत दिसते. २०२० मध्ये तेथील मोटार महासंघाने २० मोटारींची हिवाळी चाचणी घेतली. पल्ला सरासरी १८.५ टक्क्यांनी घटला. घट मान्य करूनही २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्णतः विजेवरील होत्या. स्वीडनच्या उत्तरेस, आर्क्टिक वृत्तापलीकडील आयटिक खाणीत २०१८ पासून प्रचंड ट्रक चढावर डोक्यावरच्या तारेतून वीज घेतात. तिथला हिवाळा शिकागोपेक्षा सौम्य खासच नाही.

२३/२५
आता पुन्हा २०२४च्या शिकागोकडे. रात्र उघड्यावर काढलेली वाहने, घरी चार्जिंगची सोय नसलेले अनेक चालक, गारठलेल्या बॅटऱ्या घेऊन सार्वजनिक केंद्रांवर धाव, प्रत्येकाला लागणारा दुप्पट वेळ आणि त्यातून वाढत जाणारी रांग. १९२०च्या वॉकर ट्रकला जे लाभत होते – छप्पर, रात्रभराचे चार्जिंग, जाणकार हात – त्यांपैकी काहीच यांच्या वाट्याला आले नव्हते. बॅटरी सुधारली, गॅरेज हरवले. इथेच घोडे पेंड खाते.

२४/२५
आणि हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. उद्या हिमालयातील खिंडींतून विजेचे ट्रक रसद नेऊ लागतील, तेव्हा घटलेल्या पल्ल्याची किंमत कोण मोजणार? छापील आकड्यावर विसंबून करार झाला आणि ट्रक वाटेत थांबला, तर बुडालेला दिवस चालकाचा, वेळेचा दंड चालकाला आणि गारठाही त्यालाच. हार्टफर्डमध्ये ही जोखीम वीज कंपनीने घेतली होती. शतकानंतर ती एकट्या चालकावर ढकलून त्याला प्रगती म्हणावे, हे लाजिरवाणे आहे.

२५/२५
म्हणून विजेच्या ट्रकविषयी कुणी छातीठोक विधान केले, बाजूने वा विरुद्ध, की तीन प्रश्न विचारावेत. आकडा किती तापमानाचा? ट्रक रात्री कुठे उभा होता? थंडीने झालेले नुकसान कोणाच्या खात्यात गेले? या तिन्हींची उत्तरे शंभर वर्षांपूर्वी हार्टफर्डच्या वीज कंपनीजवळ होती. आज ज्यांच्याजवळ ती नाहीत, त्यांनी दोष बॅटरीला देऊ नये आणि जाहिरातीही छापू नयेत.
(थ्रेड समाप्त)